रोहित्राची कहाणी : फॅरेडेच्या कड्यापासून निशातगंजच्या खांबापर्यंत

महाराष्ट्रातील वीजकचेऱ्यांच्या कागदपत्रांत ‘रोहित्र’ असा एक शब्द आढळतो. जनित्र, चलित्र आणि रोहित्र ही तीन भावंडे मराठी परिभाषाकारांनी एकाच घाटात घडविली. वीज जन्मास घालणारे ते जनित्र, विजेने चालणारे व चालविणारे ते चलित्र आणि विजेचा दाब चढवून अथवा उतरवून देणारे ते रोहित्र. या तिसऱ्या नावाने चढणे या अर्थाच्या ‘रुह्’ धातूची आठवण व्हावी, हे त्या वस्तूच्या कार्यास शोभूनच दिसते. लखनौत वाढलेल्या आपल्या मुलांनी हा शब्द बहुधा ऐकलेला नसतो. ती शाळेच्या हिंदी पुस्तकात ‘परिणामित्र’ वाचतात आणि गल्लीत ‘ट्रांसफार्मर’ म्हणतात. तिकडे गावाकडची मंडळीही रोहित्र म्हणत नाहीत. ती सरसकट ‘डीपी’ म्हणतात. इकडे ‘ट्रांसफार्मर फुँक गया’ आणि तिकडे ‘डीपी जळाली’! शब्द निराळे असले तरी अंधार मात्र एकच.

मंडळाच्या या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत संतांचे, संगीताचे, गणेशोत्सवाचे लेख असणे स्वाभाविकच आहे. परंतु ज्या वस्तूवाचून आपला एकही उत्सव उजळत नाही, त्या खांबावरच्या करड्या पेटीचा इतिहास सांगावा, असे आम्हांस वाटले. तो इतिहास लंडनमध्ये सुरू होतो, सह्याद्रीत येऊन पोहोचतो आणि निशातगंजच्या क्रमांकांनी ओळखल्या जाणाऱ्या गल्ल्यांपर्यंत येतो.

सन १८३१. पेशवाई बुडून तेरा वर्षे झाली होती. लखनौच्या गादीवर नसिरुद्दीन हैदर होता. तारेवाली कोठी या वेधशाळेची उभारणी याच नवाबाच्या काळात सुरू झाली. त्या वर्षी २९ ऑगस्ट रोजी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मायकेल फॅरेडे याने मऊ लोखंडाचे सुमारे सहा इंच व्यासाचे एक कडे घेतले. हा लोहाराचा मुलगा. लहानपणी पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करता करता बांधावयास आलेली पुस्तके वाचून तो शास्त्रज्ञ झाला. कड्याच्या एका बाजूस त्याने तांब्याच्या तारेचे एक वेटोळे गुंडाळले, दुसऱ्या बाजूस दुसरे. तारांच्या वेढ्यांत दोरा आणि मध्ये कापडाचे थर असल्यामुळे ही वेटोळी एकमेकांस कोठेही स्पर्श करीत नव्हती. पहिले वेटोळे त्याने विद्युत्-घटास जोडले आणि दुसऱ्याच्या टोकांपाशी चुंबकसूची ठेवली.

घट जोडताच सूची हलली आणि लगेच जागेवर आली. पहिल्या वेटोळ्यातून प्रवाह वाहत होता, तरी सूची स्वस्थ होती. मग घट तोडताच ती पुन्हा हलली, पण या वेळी उलट दिशेस! वाहत्या प्रवाहाने जे घडत नव्हते, ते प्रवाहाच्या आरंभाने व अंताने घडत होते. पहिल्या वेटोळ्यामुळे लोखंडात चुंबकत्व उत्पन्न होते. ते चुंबकत्व जोवर बदलत असते, तोवरच दुसऱ्या वेटोळ्यात विद्युत् उद्भवते. बदल थांबला की परिणामही थांबला. मराठीत यास ‘विद्युत्-चुंबकीय प्रवर्तन’ म्हणतात. आपली मुले हिंदीत ‘प्रेरण’ म्हणून शिकतात ते हेच. अमेरिकेत जोसेफ हेन्री हाही स्वतंत्रपणे याच तत्त्वापर्यंत पोहोचला होता. परंतु प्रसिद्धीचा मान फॅरेडेला मिळाला. त्यानंतर चारच महिन्यांनी, ६ जानेवारी १८३२ रोजी, मुंबईत बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ निघाले. मराठी वृत्तपत्र आणि रोहित्र यांचा जन्म असा एकाच हिवाळ्याच्या आगेमागे झाला, हा योगायोग नोंदवून ठेवण्यासारखा आहे.

स्पर्शावाचून परिणाम कसा होतो, याचा एक दाखला लखनौकरांच्या कानास परिचित आहे. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या प्रयत्नाने १९२६ साली येथे मॅरिस संगीत महाविद्यालय स्थापन झाले. तीच संस्था आज त्यांच्या नावाचे विद्यापीठ आहे. तेथे सतार वा सारंगी ऐकताना वाचकांनी तरफेच्या तारा पाहिल्या असतील. वादकाचा हात मुख्य तारेवर असतो, तरी खालच्या तारा आपोआप झंकारतात. मात्र उपमेची मर्यादाही सांगितली पाहिजे. तरफेची तार आपल्याच स्वराला साद देते आणि तिला लाकडाचा व हवेचा आधार लागतो. रोहित्राचे दुसरे वेटोळे कोणत्याही बदलास उत्तर देते आणि त्याला आधार लागतो तो चुंबकीय क्षेत्राचा. पण दोहोंत एक गोष्ट समान आहे : मूळच्या तारेत काही बदल घडला, तरच सोबतीची तार जागी होते.

फॅरेडेच्या कड्याचे व्यवहारोपयोगी यंत्र होण्यास अर्धशतक लागले. १८८२ साली एडिसनने न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर वीजघर उघडले. त्याची वीज एकाच दिशेने वाहणारी, म्हणजे एकदिश होती. दाब सुमारे ११० व्होल्ट. परंतु ती मैलभरापलीकडे नेणे परवडत नसे. याचे कारण सोपे आहे. तारेतून जाणाऱ्या प्रवाहाने तार तापते, आणि ती उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह दुप्पट तर नुकसान चौपट. समजा, १०० किलोवॅट शक्ती २५० व्होल्टांनी पाठवावयाची आहे. तर ४०० अँपिअर प्रवाह लागेल. तीच शक्ती ११,००० व्होल्टांनी पाठविली, तर नऊ अँपिअर पुरतात. दाब ४४ पट झाला, प्रवाह ४४ पट घटला, आणि त्याच तारेतील नुकसान सुमारे १,९०० पटींनी कमी झाले! दूरच्या प्रवासास उंच दाब आणि घरातील वापरास कमी दाब असा हा पेच होता. तो सोडविणारे साधन म्हणजे रोहित्र होय.

प्रवाह सारखा दिशा बदलीत राहिला, तर लोखंडातील चुंबकत्वही सारखे बदलत राहील आणि दुसऱ्या वेटोळ्यात अखंड वीज मिळेल. असा दिशा पालटणारा, म्हणजे प्रत्यावर्ती प्रवाह भारतात सेकंदास ५० आवर्तने करतो. दोन वेटोळ्यांत वेढे किती, यावर सारे गणित ठरते. पहिल्यात ४,४०० वेढे आणि दुसऱ्यात १०० असतील, तर ११,००० व्होल्टांचे २५० होतात. उलट जोडले तर २५० चे ११,०००. मात्र यात फुकटची प्राप्ती नाही. दाब वाढला की प्रवाह त्याच प्रमाणात घटतो. रोहित्र हा सराफ आहे, सावकार नव्हे. मोठ्या नोटेची मोड देतो, भर घालीत नाही, आणि आपल्या कामाची थोडीशी हुंडणावळ मात्र उष्णतेच्या रूपाने कापून घेतो.

१८८४ साली फ्रान्सचा गोलार आणि इंग्लंडचा गिब्ज यांनी तूरिन येथे अशी साधने चालवून दाखविली. पण त्यांची रचना एकामागून एक जोडलेली असल्याने एक दिवा मालविला की इतरांवर परिणाम होई. १८८५ साली बुडापेस्टच्या गान्झ कारखान्यातील झिपर्नोव्स्की, ब्लाथी आणि देरी या तिघा अभियंत्यांनी लोखंडाचा बंदिस्त गाभा व समांतर जोडणी असलेले रोहित्र सिद्ध केले. ‘ट्रान्सफॉर्मर’ हे नाव रूढ केले तेही त्यांनीच. पुढच्याच वर्षी अमेरिकेत विल्यम स्टॅन्लीने ग्रेट बॅरिंग्टन हे गाव या पद्धतीने उजळविले. १८९१ साली जर्मनीत लाउफेनहून फ्रँकफर्टपर्यंत १७५ किलोमीटर अंतरावर वीज नेण्यात आली आणि वाद मिटला. आपल्या देशात १९०२ साली म्हैसूर संस्थानातील शिवसमुद्रमची वीज सुमारे १४७ किलोमीटरवरील कोलारच्या सोन्याच्या खाणींत पोहोचली.

आता सह्याद्रीकडे वळू. मुंबईच्या कापडगिरण्या तेव्हा कोळशावर चालत आणि शहराचे आकाश धुराने काळवंडलेले असे. घाटमाथ्यावर मात्र पावसाळ्यात अपार पाणी पडे आणि वाहून जाई. ते अडवून त्यापासून वीज करावी, ही कल्पना जमशेटजी टाटांनी उचलून धरली. १९०४ साली ते निवर्तले. त्यांच्या पश्चात १९१० साली टाटा जलविद्युत् कंपनी स्थापन झाली. ८ फेब्रुवारी १९११ रोजी गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांच्या हस्ते कामाची कोनशिला बसली आणि बरोबर चार वर्षांनी, ८ फेब्रुवारी १९१५ रोजी, लॉर्ड विलिंग्डन यांच्या हस्ते खोपोलीची वीज सुरू झाली. लोणावळा, वळवण आणि शिरवटा येथील तलावांचे पाणी सुमारे ५०० मीटर खाली नळांतून खोपोलीच्या चक्रांवर कोसळते. तेथे जनित्रांतून निघालेली वीज रोहित्रांनी एक लक्ष व्होल्टांवर चढविली जाई आणि सुमारे ७० किलोमीटर दूर मुंबईस पोहोचल्यावर पुन्हा उतरविली जाई. रोहित्र नसते, तर खोपोलीचे पाणी खोपोलीतच राहिले असते. घाटावरचा पाऊस परळच्या गिरणीत शिरला तो या लोखंडी गाभ्याच्या कृपेने.

परंतु या यशाची दुसरी बाजू सांगितल्यावाचून हा इतिहास पुरा होणार नाही. खोपोलीपाठोपाठ १९२२ साली भिवपुरी सुरू झाले, आणि तिसऱ्या प्रकल्पासाठी मुळा व निळा या नद्यांच्या संगमाजवळ मुळशीस धरण बांधावयाचे ठरले. त्याखाली मावळ्यांची सुपीक भातखाचरे आणि पन्नासच्या आसपास गावे जाणार होती. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, शेतकऱ्यांनी सत्याग्रह आरंभिला. विनायकराव भुस्कुटे आणि पांडुरंग महादेव बापट यांनी त्याचे नेतृत्व केले. बापट ‘सेनापती’ झाले ते याच लढ्यात. स्त्रियाही मागे राहिल्या नाहीत. तुरुंगवास झाले, लढा काही काळ लांबला, पण अखेर धरण झाले आणि १९२७ साली भिऱ्याचे वीजघर चालू झाले. मुंबईचे दिवे उजळले, मुळशीची चूल विझली.

पुढे कोयनेचे तेच झाले. १९६२ च्या सुमारास कोयनेची वीज वाहू लागली आणि महाराष्ट्राच्या उद्योगांस ती आधारभूत ठरली. मात्र जलाशयाखाली गेलेल्या गावांच्या पुनर्वसनाचा प्रश्न कित्येक दशके रेंगाळला. ज्या प्रदेशात आपण राहतो तेथेही चित्र निराळे नाही. त्याच सुमारास मिर्झापूर जिल्ह्याच्या दक्षिण भागात, आजच्या सोनभद्रात, रिहंद धरण पुरे झाले आणि तेथील हजारो कुटुंबे उठली. आपण बटण दाबतो तेव्हा तारेच्या दुसऱ्या टोकाशी कोणाचे तरी गाव असते, हे रोहित्र आपणांस सांगत नाही. कारण त्याच्या दोन वेटोळ्यांत स्पर्शच नसतो. म्हणून ते इतिहासाने सांगावे लागते.

लखनौच्या विजेचा कारभार बराच काळ एका खासगी कंपनीकडे होता. अलाहाबाद आणि लखनौ ही दोन शहरे तिच्याकडे होती. १९५९ साली राज्य विद्युत् मंडळ स्थापन झाले आणि १९६४ साली त्याने या कंपनीचा कारभार ताब्यात घेतला. २००० साली मंडळाचीही विभागणी झाली. कारभारी बदलत गेले, तरी खांबावरच्या पेटीचे तत्त्व मात्र फॅरेडेच्या कड्याचेच राहिले.

महाराष्ट्राशी आपला संबंध जोडणाऱ्या आगगाडीतही हेच तत्त्व प्रवास करते. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईत बोरीबंदर ते कुर्ला ही देशातील पहिली विजेची गाडी धावली. ती वीज १,५०० व्होल्टांची एकदिश होती, आणि पुढे घाट चढून ती इगतपुरीपर्यंत व पुण्यापर्यंत गेली. एकदिश प्रवाहास रोहित्र चालत नाही. त्यामुळे दाब कमी, प्रवाह प्रचंड आणि उपकेंद्रे जवळजवळ ठेवावी लागत. पुढे देशाने २५,००० व्होल्टांची प्रत्यावर्ती पद्धत स्वीकारली. तीत रोहित्र इंजिनातच बसविलेले असते. पुष्पक एक्सप्रेसने जाणाऱ्या जुन्या प्रवाशांना इगतपुरीचा लांबलेला थांबा आठवत असेल. दोन पद्धतींची सीमा तेथे होती. २०१६ पर्यंत मुंबईचे उपनगरी मार्गही प्रत्यावर्ती झाले आणि ती सीमा पुसली गेली. याच वाटेवर झाशी लागते. राणी लक्ष्मीबाईंच्या स्मृतीने आपले हात तेथे आपोआप जोडले जातात. पण झाशीजवळ खैलार येथे १९७४ साली स्थापन झालेला भारत हेवी इलेक्ट्रिकल्सचा कारखाना मोठमोठी रोहित्रे आणि इंजिनांत बसणारी रोहित्रेही घडवितो, हे फारच थोड्यांस ठाऊक असते.

आता आपल्या गल्लीतील रोहित्राकडे जरा डोळसपणे पाहू. त्यात दिसतात त्या पन्हाळीसारख्या घड्या व नळ्या तेल थंड करण्यासाठी असतात. आतील गाभा व वेटोळी तेलात बुडविलेली असतात. ते तेल उष्णता वाहून नेते आणि निरोधनही करते. गाभा एकसंध लोखंडाचा नसून सिलिकॉनमिश्रित पोलादाच्या पातळ पत्र्यांचा असतो. एकसंध ठेवला तर बदलत्या चुंबकत्वाने त्यातच भोवऱ्यांसारखे प्रवाह फिरून तो तापेल. मोठ्या रोहित्रास एक लहान श्वासनलिका असते. तीत भरलेले दाणे कोरडे असता निळे आणि ओलावा शोषला की गुलाबी दिसतात. गुलाबी दाणे बदलले नाहीत, तर दमट हवा तेलात शिरते आणि पेटीचे आयुष्य घटते. आणि तो अखंड गुणगुणणारा आवाज? चुंबकत्वाच्या प्रत्येक चढउतारास गाभ्याचे पोलाद किंचित लांबते आणि आखडते. प्रवाहाची आवर्तने ५०, प्रत्येक आवर्तनात दोन चढ. म्हणून हा नाद सेकंदास १०० कंपनांचा.

मे-जूनमध्ये, लू वाहत असता, हे रोहित्र का जळते, याचे उत्तरही वर आलेच आहे. भार दीडपट झाला की वेटोळ्यांतील उष्णता सव्वादोनपट होते. बाहेरची हवाच तप्त असल्याने तेल निवत नाही, वेढ्यांवरील कागद करपत जातो, आणि एके रात्री सारी गल्ली अंधारात बुडते. त्यात इकडे ज्यास ‘कटिया’ आणि तिकडे ‘आकडा’ म्हणतात, त्या चोरट्या जोडण्यांची भर पडते. हा भार कोणाच्याच हिशेबात नसतो. रोहित्र मात्र तो प्रामाणिकपणे वाहत असते. उत्सवाच्या मांडवास रीतसर तात्पुरती जोडणी घेणे, मंजूर भार खरा सांगणे आणि वातानुकूलन यंत्र घेतले की तो वाढवून घेणे, ही केवळ कायद्याची बाब नाही. शेजारच्या घरात रुग्ण असेल, परीक्षेचा विद्यार्थी असेल. त्यांच्या आणि आपल्या विजेचे उगमस्थान ती एकच पेटी आहे.

हीच गोष्ट देशाच्या पातळीवर जुलै २०१२ मध्ये दिसून आली. ३० तारखेस बीना-ग्वाल्हेर वाहिनी तुटली आणि उत्तर भारत काळोखात गेला. दुसऱ्या दिवशी उत्तर, पूर्व आणि ईशान्य भारत मिळून सुमारे साठ कोटी लोकांचा वीजपुरवठा कोलमडला. लखनौही त्यात होते. सामाईक संपत्तीतून ज्याने त्याने हवे तेवढे उचलले की काय होते, याचा तो धडा होता.

परंतु एकत्र असण्याचे बळही तेवढेच मोठे आहे. ऑगस्ट २००६ मध्ये उत्तर भारताचे विद्युत्-जाळे पश्चिम व पूर्व भारताच्या जाळ्यास एकताल जोडले गेले. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर वाहिनीने दक्षिण भारतही त्यात सामील झाला. एकताल म्हणजे काय? या जाळ्यावरील सर्व जनित्रे, मग ती कोयनेच्या डोंगरात असोत की सोनभद्रातील अनपारा येथे असोत, ५० आवर्तनांच्या एकाच लयीत फिरतात. एक रेंगाळू लागले की बाकीची त्याला ओढून धरतात. त्या लयीवर निशातगंजच्या खांबावरील रोहित्र गुणगुणते, आणि त्याच लयीवर सातारच्या, रत्नागिरीच्या, नागपूरच्या खांबांवरील रोहित्रेही. गोमतीच्या या तीरावर आपण पन्नास वर्षे मराठीपण राखले ते पत्रांनी, पंचांगांनी, दिवाळी अंकांनी आणि या मंडळाने. त्यात कोणीही ठरवून न जोडलेला हा आणखी एक धागा आहे.

मुलांना एखाद्या सायंकाळी त्या खांबापासून सुरक्षित अंतरावर उभे करावे आणि तो नाद ऐकवावा. शब्द सांगावा : रोहित्र. मग फॅरेडेचे कडे सांगावे, खोपोलीचे पाणी सांगावे, आणि मुळशीची भातखाचरे सांगावयास मात्र विसरू नये.